घटना बघायला गेलेली माणसं

सोलापुरात कुणी मापात मारलं, कुणी रांग मोडली, कुणी दुसऱ्याच्या दारात बैल बांधला, की समोरचा कडाडतो, ‘ही काय मोगलाई लागून गेली का?’ लहानपणापासून हे वाक्य मी ऐकत आलो आणि वापरतही आलो. मोगलाई म्हणजे निजामाचा मुलूख. तो आमच्या शेतापासून इतका जवळ, की आमच्या म्हशी चरता चरता परराज्यात जाऊन येत. म्हशींना कुणी अडवलं नाही. माणसांना अडवतात, हे मला गेल्या नाताळच्या सुट्टीत कळलं.

पुण्यात एका महाविद्यालयात मी कायदा शिकवतो. यंदा माझ्या वर्गात दोन परदेशी विद्यार्थी आहेत. को थुन हा ब्रह्मदेशाचा, अंगानं काटक, बोलायला कमी आणि प्रश्नाला पक्का. दुसरी इरांगणी, सिलोनची. तिचे वडील तिकडे मॅजिस्ट्रेट आहेत, त्यामुळे खोटं बोलणं हा प्रकार तिला फक्त आरोपी करतात असं वाटतं. दोघांचेही देश आज ना उद्या स्वतंत्र होणार, तेव्हा शेजारघरी काय चाललंय ते नीट शिकून जावं म्हणून आलेले. पदवीबिदवी त्यांना नकोच होती. हिंदुस्थानचा राज्यकारभार कोणत्या कायद्यानं चालतो, कोणाच्या हातात काय असतं, कोण कोणाला जाब विचारतो, एवढं मी त्यांना समजावून द्यायचं असं ठरलं होतं.

दिल्लीत घटना समिती नुकतीच बसली होती. एके दिवशी तास संपल्यावर को थुन म्हणाला, “सर, पुस्तकातली घटना पाहिली. चालती घटना कुठे दाखवाल?”

इंग्रजाचं राज्य दोघांच्या घरचंच होतं. त्यांना बघायचं होतं हिंदी माणसाचं, हिंदी राजाचं राज्य. आमच्या पुण्यातले काही शहाणे सुपारी कातरत म्हणतात ना, ‘काही म्हणा, संस्थानात निदान आपला राजा आहे!’ त्या शहाण्यांपैकी कुणी पुण्याची वेस ओलांडलेली नाही. हे मी मुद्दाम त्यांच्यासाठी लिहितो आहे. तेवढ्यात मोगलाईतल्या बेंबळीहून माझे जुने सोबती नारायणराव यांचं येळवशीच्या सणाचं बोलावणं आलं, आणि आम्ही तिघं निघालो.

करोडगिरीचा नाका

सोलापूर सोडून नळदुर्गच्या अलीकडे मोटार थांबली. करोडगिरी म्हणजे निजामाची जकात. दांडा आडवा, शेजारी एक पत्र्याची खोली, खोलीत एक मुनशी आणि बाहेर दोन शिपाई. इथून पुढे नाणं वेगळं, टपालाचं तिकीट वेगळं, कचेरीची भाषा वेगळी. वेगळी नव्हती ती फक्त ज्वारी. ती दांड्याच्या दोन्ही बाजूंना सारखीच डोलत होती.

को थुन त्याची देशी लुंगी नेसून आला होता. शिपायानं त्याला अदबीनं सलाम आलेकुम घातला. को थुननं हात जोडले. शिपायाचा चेहरा गोंधळला, आणि तो गोंधळ त्यानं माझ्यावर काढला. माझी वळकटी सोडून बघितली, धोतरं झटकली, फराळाच्या डब्यात बोट घालून बघितलं.

“कागुद? अखबार?” त्यानं विचारलं.

“नाही.”

“चिवडा कशात बांधला?”

“डब्यात आहे, दिसत नाही का?” मी म्हणालो. मला राग यायला फार वेळ लागत नाही, हे घरी सगळ्यांना ठाऊक आहे. पण चिवडा कशात बांधलाय याच्याशी सरकारला काय करायचंय, हे त्या वेळी मला खरोखर कळलं नाही.

मग मुनशीनं वही पुढे ओढली आणि आम्हा तिघांच्या नावापुढे एकच शब्द लिहिला, गैरमुल्की. म्हणजे परका. मी म्हणालो, “अहो, हे दोघं परके. माझ्या आजोबांचं शेत त्या टेकाडामागं आहे!” मुनशी म्हणाला, “टेकाड के उधर ना? मग गैरमुल्की.” इरांगणी तोंडावर पदर धरून हसली. “सर, म्हणजे आज परदेशी विद्यार्थी तीन,” ती म्हणाली.

“इकडे काम काय?” मुनशी.

इथे मी एक पुणेरी वाक्य टाकलं. म्हणालो, “हे परदेशी पाहुणे या राज्याची घटना अभ्यासायला आले आहेत.”

मुनशीचा टाक थांबला. त्यानं शिपायाकडे बघितलं, शिपायानं त्याच्याकडे. “घटना?” तो म्हणाला. “घटना म्हणजे वाकया. कौनसा वाकया? इधर कोई वाकया हुआच नहीं!”

मी परोपरीनं समजावलं. वाकया नव्हे हो, घडलेली गोष्ट नव्हे, राज्याची घटना, घडण, आईन, दस्तूर. मुनशी प्रत्येक शब्दाला मान हलवत होता आणि त्याच्या तोंडचं पाणी पळत होतं. शेवटी त्यानं आम्हाला सोडलं, पण आमच्या पुढे एक सायकलस्वार शिपाई नळदुर्गच्या दिशेनं जोरात गेला, तो मी डोळ्यांनी बघितला. परदेशातून दोन साहेब कुठल्याशा घटनेची चौकशी करायला आले आहेत, ही बातमी आमच्या आधी जिल्ह्यात पोचली.

बेंबळी

नळदुर्गच्या स्टँडवर नारायणरावांनी दमणी, म्हणजे बैलांची हलकी गाडी, पाठवली होती. हाकणारा लतीफभाई, बेंबळीचाच, पन्नाशीचा, पांढरी दाढी, डोक्याला रुमाल. रस्ता म्हणजे चाकोऱ्या होत्या. एका ओढ्यात चाक रुतलं आणि आम्ही तिघांनी चिखलात उतरून ढकललं. को थुनची लुंगी अशा कामाला माझ्या धोतरापेक्षा सोयीची ठरली, हे मला कबूल करावं लागतं.

येळवस पुण्याच्या वाचकाला सांगायला हवी. ऐन थंडीतली ही अवस, तिला मूळ नाव वेळ अमावास्या. त्या दिवशी या भागात गावंच्या गावं शेतात जातात. घरं ओस, पेठ बंद. ज्वारीच्या पेंढ्यांची खोप करायची, तिच्यात पाच दगड चुन्यानं रंगवून मांडायचे, ते पांडव. त्यांची पूजा, आणि मग जेवण. हिरवे तुरीचे दाणे, हरभरा, वाल, वांगी, गाजर, हाताला येईल ते सगळं बेसनाच्या पातळ पिठात शिजवलेली भज्जी. बाजरीचे उंडे. मडक्यात आंबवलेली ज्वारीची आंबील, लसूण घातलेली. आपल्याकडे जेवायला बोलावणं धाडतात. इथे बांधावरून चाललेल्या अनोळखी माणसाला हाताला धरून बसवतात, आणि तो ‘जेवून आलो’ म्हणाला तर भांडतात. खोपीभोवती आंबील शिंपडत फिरताना सगळे कानडीत काहीतरी ओरडतात. नारायणरावांना अर्थ विचारला, तर म्हणाले, “आमचे आजे बी असंच वरडायचे.” पुढे विचारण्यात अर्थ नव्हता.

इरांगणीनं शेंगाच्या चटणीचा घास घेतला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. घरी नारळाची अशीच कोरडी तिखट चटणी असते म्हणाली. को थुन आंबिलीचे तीन वाडगे प्यायला आणि त्यानं चौथा मागितला. बायका त्याच्यावर खूश झाल्या.

एक गोष्ट मात्र मला खटकत होती. मीठ पळसाच्या पानात होतं. गूळ पळसाच्या पानात. हळद, जिरं, सुपारीसुद्धा पानाच्या द्रोणांत, वरून काडी टोचलेली. मी नारायणरावांना म्हणालो, “तुमच्या गावात कागद मिळत नाही का?”

नारायणरावांनी दुसरीकडे बघितलं. आणि त्याच वेळी बांधावरून एक बाई आली. चाळिशीची, कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी. ती सरळ को थुनपुढे जाऊन बसली, कारण आमच्यात सगळ्यांत परदेशी तोच दिसत होता.

“सायेब,” ती म्हणाली, “ज्या घटनेसाठी तुमी आलाव, ती घटना आमचीच हाय. दुसऱ्या कुनाला इचारू नका. मीच सांगते.”

ती गौरव्वा. तिच्या नवऱ्याचं, बसलिंगप्पाचं, गावात किराणा दुकान. लतीफभाई त्यांचा भिंतीचा शेजारी. तिनं सांगितलं ते असं, आणि मी इंग्रजीत तर्जुमा करत गेलो.

“दसऱ्याला झाली घटना. आमचे मालक सोलापुराहून रद्दी आणायचे, पुड्या बांधाय. एक दिस चावडीवरला शिपाई आला, गावात मुक्कामाला आलेल्या पोलिसांच्या अमीनसायेबासाठी जिरं घिऊन गेला. अमीनसायेबाच्या सालनात जिरं पडलं, आन कागुद त्याच्या हातात ऱ्हायला. त्यो कागुद सोलापूरच्या अकबाराचा. त्यो अकबार म्हनं आपल्या मुलखात बंद हाय. मालकानं बंदी आसलेला अकबार वाटला म्हनून नेलं. सायेब, मालकाला मराठी वाचाय येत न्हाय! त्यानला कानडी येतंय, तेबी मापापुरतं. जिऱ्याला कुठलं राजकारन?”

“दसऱ्यापासून?” इरांगणीनं विचारलं.

“दसऱ्यापासनं धाराशिवच्या ठाण्यात हायती. ना कोरट, ना इचारना. म्या भाकरी घिऊन जाते, भाकरी आत घेत्यात, मला घेत न्हाईत. आता तुमी आलाव. नाक्यावरनं निरोप आला, परदेशातनं सायेब घटनेसाठी आल्यात. म्हनलं, येळवशीला पांडव पावले.”

माझ्या हातातला घास हातातच राहिला. एका शब्दानं केवढा घोटाळा केला होता! मी तिला म्हणालो, “बाई, हे विद्यार्थी आहेत. ती घटना वेगळी. घटना म्हणजे... राज्य कसं चालवायचं त्याचे नियम. राजानं काय करावं, काय करू नये, ते लिहून ठेवलेलं असतं.”

गौरव्वानं डोळे बारीक केले. “राजानं काय करू नये?” ती म्हणाली. “आसं बी लिवून ठिवत्यात? कुठं?”

वर्षानुवर्षं वर्गात ज्या प्रश्नावर तासचे तास बोललो, तो प्रश्न ती बाई मातीत बसून विचारत होती आणि माझ्याकडे उत्तर म्हणून दाखवायला एक ओळ नव्हती. मला संताप आला. कोणाचा म्हणून सांगू? त्या अमीनाचा, त्याच्या सालनाचा, आणि सुपारी कातरत ‘आपला राजा’ म्हणणाऱ्या माझ्या ओळखीच्या साऱ्या शहाण्यांचा.

को थुननं विचारलं, ती काय म्हणते. मी सांगितलं. तो हात धुऊन उठला आणि म्हणाला, “सर, उद्या आपण धाराशिवच्या संस्था बघायला जाणारच आहोत. तिथेच विचारू.”

धाराशिव

कचेरीच्या पाटीवर उस्मानाबाद, लोकांच्या तोंडी धाराशिव. लतीफभाईनं दमणी जुंपली होती आणि गौरव्वा आमच्याबरोबर होती, मांडीवर भाकरीचं गाठोडं. वाटेत लतीफभाई मला म्हणाला, “सायेब, म्या बी त्या दिवशी त्याच्याकडनं हळद नेली व्हती, त्याच कागदात. मला कुनी धरलं न्हाय. मंग त्याला का धरलं?” तो दर आठवड्याला गौरव्वाला याच दमणीतून ठाण्यापर्यंत आणतो, हे मला तिच्याकडून कळलं. त्यानं सांगितलं नाही.

तालुकदार म्हणजे आपल्याकडचा कलेक्टर. गृहस्थ फार सभ्य. विलायतेत शिकलेले, इंग्रजी असं गोड की ऐकत राहावं. त्यांनी चहा मागवला, जर्दाळूचं गोड मागवलं, इरांगणीला उन्हाची खुर्ची दिली. नाक्याची बातमी त्यांच्यापर्यंत आली होती आणि त्यांनी ती हसण्यावारी नेली. घटना म्हणजे कॉन्स्टिट्यूशन हे कळायला त्यांना मराठीची गरज नव्हती. मग त्यांनी आम्हाला त्यांचं राज्य समजावून सांगितलं.

“आमच्याकडे,” ते म्हणाले, “न्यायखातं मुलकी खात्यापासून कधीच वेगळं केलेलं आहे. तुमच्या ब्रिटिश हिंदुस्थानात अजून कलेक्टरच मॅजिस्ट्रेट असतो. आहे की नाही?”

गोष्ट खरी होती. मला ती नाकारता येईना, आणि त्याचाही राग आला. इरांगणीनं भराभर टिपून घेतलं. को थुननं विचारलं, “इथला राजा कायदा मोडू शकतो का?”

तालुकदार हसले. “कायदा त्यांचाच आहे, माय डियर बॉय. स्वतःचीच वस्तू कुणी चोरतं का? आणि या जिल्ह्याचा बराच भाग सर्फेखास आहे. म्हणजे हुजुरांची खाजगी जहागीर. तुम्ही कुणाच्या घरी पाहुणे गेलात, तर त्याच्या स्वयंपाकघराची घटना विचारता का?”

ऐका! रानंच्या रानं, गावंच्या गावं, माणसं, गुरं, विहिरी, हे सगळं एका माणसाचं स्वयंपाकघर. त्यात बसलिंगप्पा कोण, तर फोडणीतलं जिरं. मी तोंड उघडणार तेवढ्यात इरांगणीनंच विचारलं, “बेंबळीचे एक दुकानदार दसऱ्यापासून ठाण्यात आहेत. त्यांना कोणत्या कायद्यानं ठेवलंय, आणि कोणत्या कोर्टापुढे?”

तालुकदारांची मान जराही हलली नाही. “कोर्टाचं काम मी विचारू शकत नाही,” ते म्हणाले. “न्याय वेगळा आहे. शेजारी विचारा.”

शेजारी न्यायाधीशांची कचेरी. तेही सभ्य. त्यांनी कारकुनाला विचारलं आणि म्हणाले, “असा खटला माझ्यापुढे आलेलाच नाही. पोलिसांना विचारा.”

पोलिसांकडे गेलो. तिथे तोच तो अमीन, जिऱ्याच्या सालनाचा. तो म्हणाला, “गिरफ्तार? हमने किसी को गिरफ्तार नहीं किया. बिठा रखा है.”

“म्हणजे?”

“बसवून ठेवलंय.”

दसऱ्यापासून एक माणूस बसवून ठेवलेला! आणि तीन खोल्यांतली तीन खाती एकमेकांपासून इतकी सुरेख वेगळी केलेली, की बसलिंगप्पा नेमका त्यांच्या मधल्या फटीत पडला होता. सत्तेची विभागणी मी इतकी वर्षं शिकवतो. ती इतकी पूर्ण झालेली मी प्रथमच पाहिली.

मी परत तालुकदारांच्या खोलीत गेलो आणि जे बोललो ते बोललो. आवाज चढला होता. बाहेर पायरीवर बसलेल्या गौरव्वानं तो ऐकला असणार. तालुकदार शांतपणे ऐकत राहिले, मग म्हणाले, “प्रोफेसरसाहेब, आपण पाहुणे आहात. आपलं मन दुखवून मी पाठवणार नाही. तो दुकानदार आपल्याला हवा आहे ना? घेऊन जा. माझ्याकडून भेट समजा.”

भेट! जर्दाळूच्या वाटीसारखा माणूस पुढे केला त्यांनी. को थुन माझ्याकडे वळला आणि हळूच म्हणाला, “सर, जो भेट देऊ शकतो, तो परत घेऊ शकतो.” त्याला तेवढंच इंग्रजी पुरलं.

पण भेट मिळणंही सोपं नव्हतं. पेशकार, म्हणजे तालुकदारांचे हेडक्लार्क, चष्मा पुसत म्हणाले, “साहेब, अडचण आहे. सोडलं असं लिहायचं तर आधी पकडलं असं लिहिलेलं पायजे. तसं कुठं लिहिलेलंच नाही. जो पकडलाच नाही त्याला सोडू कसा?”

“मग?”

“पंचनामा करू. वाकया न झाल्याचा पंचनामा.”

शिकवायला लागण्याआधी मी वकिलीपायी कोर्टकचेऱ्यांत बरीच उमर घालवली. चोरीचा पंचनामा पाहिला, खुनाचा पाहिला, विहिरीत पडलेल्या बैलाचा पाहिला. काहीच न झाल्याचा पंचनामा मोगलाईतच पाहिला. बसलिंगप्पाला कधी धरलंच नाही असा कागद झाला, की आत जो बसलाय तो उगाच बसलाय, त्यानं उठून घरी जावं. फक्त पंच हवेत, दोन. गावचे चालत नाहीत, कारण गावच्यांनी बघितलंय. परदेशी पाहुणे असले तर फारच उत्तम, म्हणजे नाक्यावरून उठलेली घटनेची आवई पण मिटेल.

इरांगणी ताडकन उभी राहिली. “खोट्या कागदावर मी सही करणार नाही. माझ्या वडिलांना मी काय तोंड दाखवू?” को थुननंही टोपण लावून पेन खिशात घातलं.

मी बाहेर येऊन गौरव्वाला सांगितलं. तिनं इरांगणीचा हात धरला. “बाई,” ती म्हणाली, “काय बी लिवा. न्हाय झालं म्हना. म्या बी म्हनते न्हाय झालं. मानूस तेवढा भायेर काडा.”

इरांगणीला शब्द कळले नाहीत, हात कळला. तिचे डोळे भरून आले. “सर,” ती मला म्हणाली, “कायदा काय सांगतो?”

आता मी काय सांगणार होतो? खोटी सही करू नको म्हणावं, तर बसलिंगप्पा आत. कर म्हणावं, तर या दोन पोरांना मी इथून काय शिकवून नेणार? परक्या देशातून आलेल्या मुलांना माझ्या देशाच्या संस्था दाखवायला मी आणलं होतं, आणि त्या संस्था त्यांच्याच हातून खोटं वदवून घेत होत्या. त्या वेळी मला तालुकदाराचा, अमीनाचा, स्वतःचा, सगळ्यांचा असा चीड आणणारा कंटाळा आला की काय सांगू.

तेवढ्यात पेशकार कागद घेऊन बाहेर आले. “वर तुमच्या मराठीत लिहा,” ते मला म्हणाले. “खाली मी उर्दूत तर्जुमा करतो. एकच ओळ. लिहा, या जिल्ह्यात कोणतीही घटना नाही.”

मी टाक बुडवला. ‘या जिल्ह्यात’ लिहिलं. ‘कोणतीही’ लिहिलं. ‘घटना’ लिहिलं, आणि थांबलो.

पेशकार म्हणाले, “काय झालं? घटना म्हणजे वाकया. नाक्यावरून तसंच आलंय.”

“बरोबर आहे,” मी म्हणालो. “तुम्ही म्हणता तेच लिहितो.” आणि मी ‘नाही’ लिहून ओळ पुरी केली.

मग मी माझ्या दोन विद्यार्थ्यांना बाजूला घेतलं. इतक्या महिन्यांत ते माझ्याकडून चार मराठी शब्द शिकले होते, त्यात हा एक होता. मी कागद त्यांच्यापुढे धरला आणि बोट ठेवून एकेक शब्द सांगितला. या जिल्ह्यात. कोणतीही. घटना. नाही.

इरांगणीनं ओळ बघितली. मग माझ्याकडे बघितलं. “हे खरं आहे?” तिनं विचारलं.

“अक्षर न् अक्षर,” मी म्हणालो. “काल गौरव्वानं विचारलं, आज तालुकदारांनी स्वतः सांगितलं. शपथेवर सांगायला तयार आहे.”

को थुननं खिशातून पेन काढलं. “सर,” तो म्हणाला, “या कचेरीतलं हे पहिलं खरं वाक्य.” आणि त्यानं त्याच्या गोल गोल अक्षरांत झोकात सही केली. त्याच्याखाली इरांगणीनं, आईबापांनी ठेवलेलं सगळं लांबलचक नाव घालून. पेशकारांनी खाली उर्दूत लिहिलं, वाळू टाकली, मोठ्यानं वाचलं, “कोई वाकया नहीं,” आणि म्हणाले, “दुरुस्त.”

माझं हसू आणि माझा संताप एकदमच वर आले. हसू मी गिळलं. संताप अजून गिळलेला नाही. एक निरपराध माणूस आमच्या भाषेत एका शब्दाला दोन अर्थ आहेत म्हणून सुटतो, याला न्याय म्हणायचं? उद्या दुसऱ्या कुणाला धरतील, आणि त्याच्यासाठी दुअर्थी शब्द कुठून आणायचा?

बसलिंगप्पाला बाहेर आणलं. उंच, खांदे पडलेले, दाढी वाढलेली. उजेडानं डोळे मिटून तो पायरीवरच उभा राहिला. गौरव्वा रडली नाही. तिनं गाठोडं सोडलं, भाकरीवर चटणी घातली आणि त्याच्या हातात दिली. तो तिथंच, कचेरीच्या पायरीवर बसून जेवला. अमीनानं हटकलं नाही. काही घडलंच नव्हतं, तर हटकणार कशाला?

पुन्हा बेंबळी

दमणीत बसलिंगप्पा लतीफभाईच्या पाठीला पाठ लावून बसला होता. गाव दिसायला लागल्यावर त्यानं मला विचारलं, “सायेब, काय लिवलं त्या कागदात? मला माफ केलं, का म्या जितलो?”

“दोन्ही नाही,” मी म्हणालो. “तुम्हाला धरलंच नव्हतं असं लिहिलंय.”

“मंग येवढे दिस म्या कुठं व्हतो?”

लतीफभाईनं बैलाला उगाचच चाबूक मारला.

गावात शिरलो तेव्हा दिवस मावळतीला होता. गौरव्वानं दुकानाच्या फळ्या काढल्या. शेजारची एक बाई लुगड्याचा ओचा सावरत आली आणि काही बोलायचं म्हणून म्हणाली, “अण्णा, जिरं द्या की जरा.” बसलिंगप्पानं बरणी उघडली, चिमूट काढली आणि सवयीनं दुसरा हात जिथं रद्दीचा गठ्ठा असायचा तिकडे नेला. तिथं काहीच नव्हतं. हात तसाच हवेत राहिला. मग गौरव्वानं पळसाचं पान पुढे केलं.

आम्ही निघताना त्यानं आम्हाला शेंगदाणे दिले, तेही पानातच. को थुननं त्याला मोडक्यातोडक्या मराठीत सांगितलं, की दिल्लीत खूप माणसं जमली आहेत, घटना करायला. साऱ्या देशाची. मी पुढे समजावलं. या खेपेला शब्द जपून वापरला. राजानं काय करू नये ते लिहिणार आहेत, असं म्हणालो.

बसलिंगप्पानं मान हलवली. त्यानं पुडीची काडी पुन्हा एकदा नीट टोचली आणि माझ्या हातात दिली.

“लिवू द्या,” तो म्हणाला. “फकस्त पुडी कशात बांदायची, तेवढं इचारून घ्या त्यानला.”